डॉकरचे कंटेनर स्वतःच्या नेटवर्कला कसे जोडावेत

डॉकर हे प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या स्वतंत्र कप्प्यांत चालवणारे साधन आहे. ते बसवले की ‘ब्रिज’ नावाचे एक आभासी नेटवर्क आपोआप तयार होते आणि वेगळे काही न सांगता सुरू केलेला प्रत्येक कंटेनर त्यालाच जोडला जातो. या नेटवर्कवरचे कंटेनर एकमेकांना आयपी पत्त्याने गाठू शकतात, नावाने मात्र नाही. मी एकदा अ‍ॅप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये डेटाबेसचा पत्ता म्हणून १७२.१७.०.३ हा आकडाच लिहून ठेवला होता. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर कंटेनर वेगळ्या क्रमाने सुरू झाले, तो पत्ता भलत्याच कंटेनरला मिळाला आणि चूक सापडेपर्यंत अर्धी दुपार गेली. आपण स्वतः तयार केलेल्या नेटवर्कवर डॉकर नावावरून पत्ता शोधून देतो, त्यामुळे आकडे लिहून ठेवण्याची वेळच येत नाही.

खालील आज्ञा देवनागरीत दिल्या असल्या, तरी टर्मिनलवर त्या रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांतच टाइप कराव्यात.

प्रथम नेटवर्क तयार करावे. त्याला ‘दुकान’ असे नाव देऊ.

डॉकर नेटवर्क क्रिएट दुकान

‘डॉकर नेटवर्क एलएस’ ही आज्ञा दिल्यावर यादीत ब्रिज, होस्ट आणि नन यांच्यासोबत ‘दुकान’ही दिसले पाहिजे. आता डेटाबेसचा कंटेनर ‘कोठार’ या नावाने थेट याच नेटवर्कवर सुरू करावा.

डॉकर रन -डी --नेम कोठार --नेटवर्क दुकान -ई पोस्टग्रेस_पासवर्ड=गुपित पोस्टग्रेस

यातील ‘पोस्टग्रेस_पासवर्ड’ हे नाव कॅपिटल अक्षरांत लिहावे आणि ‘गुपित’च्या जागी स्वतःचा पासवर्ड द्यावा. सर्व पर्याय इमेजच्या, म्हणजे ज्या तयार साच्यातून कंटेनर बनतो त्याच्या (इथे ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसच्या), नावाआधी यायला हवेत, कारण त्या नावानंतर लिहिलेले सारे डॉकर कंटेनरच्या आतल्या प्रोग्रामकडे सोपवतो. तिथे ‘--नेटवर्क’ लिहिल्यास नेटवर्क तर जोडले जात नाहीच, शिवाय आतला प्रोग्रामही अनोळखी पर्याय म्हणून तक्रार करतो.

आधीपासून चालू असलेला कंटेनर, समजा ‘दर्शनी’ नावाचा वेब सर्व्हर, बंद न करताही जोडता येतो.

डॉकर नेटवर्क कनेक्ट दुकान दर्शनी

इथे क्रम आधी नेटवर्क, मग कंटेनर असा आहे. या जोडणीने जुने नेटवर्क सुटत नाही, म्हणजे ‘दर्शनी’ आता दोन्हीकडे असतो. जुनी जोडणी नको असल्यास ‘डॉकर नेटवर्क डिसकनेक्ट ब्रिज दर्शनी’ अशी आज्ञा द्यावी.

जोडणी पारखण्यासाठी डेटाबेसच्या कंटेनरमध्ये शिरून पिंग (दुसऱ्या पत्त्यापर्यंत पोहोचता येते का ते तपासणारी आज्ञा) शोधत बसू नये, कारण अशा इमेजमध्ये ते बहुधा नसतेच. त्यापेक्षा काम झाल्यावर आपोआप पुसला जाणारा ‘अल्पाइन’ या लिनक्स इमेजचा एक छोटा कंटेनर वापरावा.

डॉकर रन --आरएम --नेटवर्क दुकान अल्पाइन पिंग -सी ३ कोठार

पहिल्याच ओळीत ‘कोठार’पुढे कंसात १७२.१८.०.२ यासारखा पत्ता उमटला, तर नाव ओळखले गेले. ‘बॅड अ‍ॅड्रेस’ असे उत्तर आले, तर ‘डॉकर नेटवर्क इन्स्पेक्ट दुकान’ चालवून कंटेनरांच्या यादीत ‘कोठार’ आहे का ते पाहावे. बहुतेक वेळा तो सुरू होताच बंद पडलेला असतो आणि कारण ‘डॉकर लॉग्ज कोठार’मध्ये मिळते.

पोर्टबाबत, म्हणजे प्रोग्राम ज्या क्रमांकावर जोडणी स्वीकारतो त्याबाबत, गोंधळ फार होतो. एकाच नेटवर्कवरील कंटेनरांना एकमेकांशी बोलण्यासाठी ‘-पी’ने पोर्ट उघडावे लागत नाही, त्यामुळे अ‍ॅप्लिकेशनला ‘कोठार’ हे नाव आणि ५४३२ हे पोर्ट सांगितले की पुरते. ‘-पी’ची गरज बाहेरून येणाऱ्यांसाठी असते. ‘-पी ५४३२:५४३२’ असे सवयीने लिहिल्यास डेटाबेस संगणकाच्या सर्व नेटवर्क पत्त्यांवर उघडा पडतो, आणि लिनक्सवर यूएफडब्ल्यूसारख्या फायरवॉलचे नियमही त्याला अडवत नाहीत. स्वतःच्या संगणकापुरते पोर्ट हवे असल्यास त्याआधी १२७.०.०.१ हा पत्ता अवश्य जोडावा, म्हणजे ‘-पी १२७.०.०.१:५४३२:५४३२’ असे लिहावे.

नेटवर्क काढून टाकण्याची आज्ञा ‘डॉकर नेटवर्क आरएम दुकान’ अशी आहे. मात्र एखादा चालू कंटेनर जोडलेला असेल तर डॉकर नकार देतो, म्हणून आधी तो थांबवावा किंवा डिसकनेक्ट करावा.