कधी एका सेल्फला चालू, कधी दहा वेळा दाबूनही नाही: दोष कसा पकडायचा

बाइकचा असा दोष ती रुसलेली असतानाच शोधायचा. चालू झाली की पुरावा गेला.

आधी कान द्या. सेल्फ दाबल्यावर नुसतं ‘टक्’ होतंय की इंजिन फिरतंय, पण पेट घेत नाही?

‘टक्’ झालं तर मल्टीमीटर बॅटरीला लावा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. सेल्फ दाबल्यावर १०च्या बरंच खाली गेले तर बॅटरी थकलीय. व्होल्टेज ठीक असेल तर बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनला जाणारी अर्थची (निगेटिव्ह) वायर बघा. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तिथे हिरवट-पांढरा गंज धरतो. आधी निगेटिव्ह वायर सोडवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा. कित्येकदा एवढ्यावरच काम होतं. उगाच नवी बॅटरी घेऊ नका.

काहीच आवाज नसेल तर क्लचचा आणि साइड स्टँडचा स्विच तपासा. चिखल बसून तो अडकतो.

इंजिन फिरतंय, पण पेटत नाही, तेही पावसातच? मग संशय प्लग कॅपवर, म्हणजे स्पार्क प्लगवरच्या रबरी टोपीवर. कॅप ओढून आत बघा: ओल किंवा हिरवा डाग दिसला तर पुसून सुकवा, रबर फाटलं असेल तर कॅपच बदला. बऱ्याच इंजिनांत प्लगच्या खड्ड्यातलं पाणी जायला बारीक भोक असतं, ते तारेने मोकळं करा.

मुंबईच्या मिलन सबवेसारख्या पाणी तुंबणाऱ्या ठिकाणी एअर फिल्टरपर्यंत पाणी चढलं असेल, तर मात्र सेल्फला हातही लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो.