गडद बेल्जियन एलची ओळख कशी करून घ्यावी

गडद रंगाची बिअर म्हणजे करपट आणि कडू, असे गृहीत धरून पुष्कळ जण तिच्या वाटेला जात नाहीत. बेल्जियमच्या कडक एलबाबत (एल म्हणजे उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) मात्र हा अंदाज साफ चुकतो. स्टाउट या काळ्या बिअरचा रंग भाजलेल्या धान्यातून येतो, तर बेल्जियन एलचा तपकिरी रंग बहुधा गडद साखरेच्या पाकातून येतो. चिक्कीसाठी चढवलेला पाक सोनेरीवरून तांबूस होत जातो, त्याच जातीचा हा रंग आणि हा गोडसर वास. पाकातील बहुतेक साखर यीस्ट फस्त करते; त्यामुळे अल्कोहोल वाढते, पण पेय चिकट होत नाही.

सुरुवात डुबेल या प्रकाराने करावी. वेस्टमाले मठाची डुबेल किंवा लाल लेबलची शिमे, दोन्ही 7 टक्क्यांच्या. बाटलीवर ट्रापिस्ट या कॅथलिक भिक्षूंच्या पंथाच्या संघटनेची षटकोनी मुद्रा असेल, तर ती बिअर मठाच्या आवारात, भिक्षूंच्या देखरेखीखाली तयार झालेली असते. अशी मुद्रा नसलेल्याही उत्तम एल आहेत, परंतु नवख्याला ही खूण उपयोगी पडते.

बाटली उघडण्यापूर्वी एक हिशेब डोक्यात असू द्यावा. आपल्याकडच्या 5 टक्क्यांच्या 650 मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे 32 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते, तर रोशफोर मठाच्या 11.3 टक्क्यांच्या ‘रोशफोर 10’च्या 330 मिलिलिटरच्या लहानशा बाटलीत ते 37 मिलिलिटर असते. म्हणून एका बैठकीला एकच बाटली घ्यावी, शक्य तर दोघांत, जेवणासोबत, आणि त्यानंतर गाडी चालवू नये. ही बिअर इतकी कडक असण्यामागे थोडा इतिहासही आहे. बेल्जियमने 1919 मध्ये कॅफेंतून स्पिरिट विकण्यास बंदी घातली आणि कडक पेयाची सवय असलेले ग्राहक जोरकस बिअरकडे वळले.

सर्वांत अधिक चुका तापमानात होतात. फ्रिजमधून काढून लगेच प्यायल्यास निम्मा वास दबलेलाच राहतो. योग्य तापमान साधारण 10 ते 14 अंशांचे. त्यासाठी बाटली फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटे बाहेर उभी ठेवावी. लेबलवर ‘खोलीच्या तापमानाला’ असे काही लिहिलेले असले, तरी ती खोली युरोपातील तळघराची आहे, मे महिन्यातील नागपूरची नव्हे.

बाटलीच्या तळाशी यीस्टचा साका असतो, कारण या एलचे दुसरे किण्वन बाटलीतच होते. बुटका, रुंद तोंडाचा ग्लास थोडा तिरका धरून एकाच संथ धारेने ओतावे. अर्धा ग्लास भरल्यावर तो सरळ करावा, म्हणजे दाट फेस येतो. शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्यावा. तो अपायकारक नसतो, मात्र बिअर गढूळ होते आणि चव बदलते.

त्यानंतर घाई करू नये. पहिल्या घोटात कदाचित फक्त गोडवा आणि फेसाचा चुरचुरीतपणा जाणवेल. ग्लास तळहातात धरून दहा मिनिटांनी पुन्हा वास घ्यावा: आता मनुका, सुके अंजीर, थोडी लवंग आणि पिकलेल्या केळ्याचा सुवास वर येतो. लवंग आणि केळे कोणी घातलेले नसते. उबदार किण्वनात यीस्टच हे सुगंध तयार करते. माझ्या मते बेल्जियन एलचे खरे वैभव याच दहा मिनिटांत आहे. सोबत चीज ठेवावे. शिमेच्या नावाचे चीजही मिळते.

डुबेल आवडली, की निळ्या लेबलची शिमे (9 टक्के) आणि ‘रोशफोर 8’ (9.2 टक्के) या पायऱ्या येतात. रोशफोरच्या नावातील आकडा अल्कोहोलचा नाही, हे ध्यानात ठेवावे. ‘रोशफोर 10’ आणि वेस्टव्लेटेरेनची 12 क्रमांकाची (10.2 टक्के) त्यानंतर घ्याव्यात, आधीच घेतल्यास त्यांच्या जोरापुढे बारकावे हाती लागत नाहीत.

निळी शिमे मिळाली, तर दोन बाटल्या घ्याव्यात. एक आत्ता उघडून तिची चव शब्दांत टिपून ठेवावी. दुसरी थंड, अंधाऱ्या जागी उभीच ठेवून वर्षभराने उघडावी आणि तिची चव त्या टिपलेल्या शब्दांशी ताडून पाहावी.