आधी बसून बघा, मग बोनेट उघडा

माझे दोन्ही पाय पोलिओचे. डाव्या पायात मांडीपर्यंत कॅलिपर (पाय ताठ धरणारा पट्ट्यांचा आधार) आहे, उजव्यात थोडी ताकद आहे पण ती ब्रेकच्या भरवशाची नाही. मिरजेहून सांगलीला शाळेत मी वीस वर्षं साइड व्हील लावलेल्या स्कूटरवरून गेले. खांदे कुरकुरायला लागले तेव्हा, २०२२ मध्ये, जुनी चारचाकी घ्यायचं ठरवलं. दोन महिन्यांत आठ गाड्या बघितल्या. त्यात जे कळलं ते सविस्तर लिहिते, कारण मला हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

पहिली गोष्ट, स्वतः जा. माझा भाऊ म्हणाला, "तू कशाला दगदग करतेस, मी बघतो." त्यानं एक गाडी पसंत केली, पाच हजार टोकन दिलं आणि दारात आणून उभी केली. इंजिन ठणठणीत, रंग सुरेख. मी बसले आणि मला उठताच येईना. गाडी बुटकी, सीट खोल. वहिनीनं आणि भावानं काखेत हात घालून मला बाहेर काढलं. टोकन परत मिळालं नाही. भावाची चूक नव्हती, त्याचे पाय धड आहेत, त्याला ती अडचण दिसणारच नाही.

त्यानंतर मी पर्समध्ये शिंप्याची टेप ठेवायला लागले. आधी घरी मोजा. ज्या पलंगावरून किंवा खुर्चीवरून तुम्ही कुणाच्या मदतीशिवाय उठता, त्याची जमिनीपासूनची उंची लिहून ठेवा. माझी वीस इंच. मग गाडीची सीट मोजा, पण कुणीतरी त्यावर बसलेलं असताना, कारण फोम दबतो. फरक एखाद इंचाचा असेल तर चालतं. व्हीलचेअरवरून सरकून बसणाऱ्यांनी खुर्चीच्या गादीची उंची धरावी, आणि खुर्ची नि सीट यांच्यामध्ये दाराचा उंबरठा किती रुंद येतो तेही बघावं, कारण तेवढं अंतर हातांच्या जोरावर पार करायचं असतं. सीटच्या कडा फार उचललेल्या असतील तर सरकताना अडतं.

कॅलिपर वापरणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. आपण पाय ताठ ठेवून बसतो, मग गुडघ्याचं लॉक सोडून पाय आत घेतो. त्यासाठी दार जवळजवळ काटकोनात उघडायला हवं, आणि सीट पूर्ण मागं घेतल्यावर बूट दाराच्या खांबाला अडकता कामा नये. हे दहा वेळा करून बघा. पहिल्यांदा सगळ्यांनाच जमतं, पण दमल्यावर जमतं का ते दहाव्या वेळेला कळतं. विकणारा घड्याळ बघत उभा राहील, राहू दे.

उंच छताच्या गाड्या आपल्याला सोयीच्या पडतात. मी शेवटी वॅगन आर घेतली, २०१७ चं मॉडेल, ऑटो गिअरची. मात्र सीएनजीची गाडी घेताना डिकी उघडून बघा. सिलिंडर डिकीत बसवलेला असेल तर घडी घातलेली व्हीलचेअर कुठं ठेवणार? स्वतःची खुर्ची घेऊन जा आणि ती प्रत्यक्ष आत टाकून बघा. मी कुबड्या वापरते, त्यांनाही पक्की जागा लागते. बाजूच्या सीटवर नुसत्या टेकवून ठेवलेली कुबडी ब्रेक दाबला की घरंगळते आणि पेडलखाली गेली तर जीवावर बेतेल. मी त्या पट्ट्यानं बांधते.

आता आपल्या सांगलीपुरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. मारुती चौक आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यातल्या धुऊन, पुसून, पॉलिश करून बाजारात आल्या. वायरिंग नंतर कधीतरी दगा देतं, आणि भर रस्त्यात स्टिअरिंगची पॉवर गेली तर धडधाकट माणूस उतरून गाडी ढकलतो, आपण आत अडकून पडतो. म्हणून पुरातली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

ओळखायची कशी? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग धुतलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या टोकाला गाळाचा पिवळट डाग राहतो. सीटखालच्या रुळांना गंज आहे का, स्टेपनीच्या खड्ड्यात माती आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का, ते बघा. काचा बंद करून एसी लावा, कुबट वास लपत नाही. मला वाकता येत नाही, म्हणून अकरावीतला भाचा सोबत असायचा. तो गालिच्याखाली, सीटखाली, गाडीच्या पोटाखाली मोबाईल धरून व्हिडिओ काढायचा आणि मी खुर्चीत बसून तो सावकाश बघायची. एका गाडीच्या डॅशबोर्डखाली सुकलेला चिखल सापडला तो त्याच व्हिडिओत. "आत्या, हे बघ," एवढंच म्हणाला तो. विक्रेता तोवर शपथेवर सांगत होता, "ताई, पाण्याचा थेंब लागलेला नाही गाडीला."

जुन्या विमा पॉलिसीही मागा. क्लेम न घेतल्याबद्दलची सूट दरवर्षी वाढत जाते, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत. २०१९ किंवा २०२१ नंतरच्या नूतनीकरणात ती शून्यावर आलेली दिसली तर कशासाठी क्लेम घेतला होता ते विचारा.

गाडी बघायला सकाळीच जा आणि आधी चालू करू नका असं सांगून ठेवा. बोनेटला हात लावा, गरम लागलं तर ते कशासाठी ते विचारा. इंजिनाचं बाकी सगळं विश्वासू मेस्त्रीवर सोडा. त्याची मजुरी वाया जात नाही. ऑटो गिअरची गाडी मात्र चढावर न्यायला लावा. आमच्या मेस्त्रींनी दंडोबाच्या डोंगराच्या रस्त्याला घातली होती, मी बाजूला बसले होते. चढावर थांबवून पुन्हा निघताना ती मागं येते का, गिअर बदलताना धक्का देते का, जळका वास येतो का. ऑटो गिअर म्हटलं तरी या प्रकारच्या गाड्यांत आत क्लचप्लेट असतेच, आणि ती झिजते.

टायरसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा. पंक्चर झालं तर आपल्याला उतरून चाक बदलता येत नाही. टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. शिक्का जुना असेल तर नक्षी चांगली दिसली तरी बदला.

चालकाच्या जागेवर बसून हात फिरवा. हँडब्रेक बसल्या जागी, एका हातानं पूर्ण ओढता येतो का? डावा आरसा आतून फिरतो का? पॉवर स्टिअरिंग हवंच, कारण हँड कंट्रोल, म्हणजे ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हातानं चालवायचा दांडा, बसवल्यावर एक हात कायम त्या दांड्यावर आणि स्टिअरिंगला एकच हात उरतो. साधारणपणे दांडा पुढं ढकलला की ब्रेक, मागं ओढला किंवा मूठ फिरवली की अ‍ॅक्सिलरेटर. ब्रेकला कुलूप आहे ना ते बघा, नाहीतर थांबल्यावर गिअर टाकायला हात मोकळा होत नाही. गुडघा दांड्याला घासतो का तेही बसवणाऱ्यासमोरच तपासा.

कुणाची आधीच हँड कंट्रोल बसवलेली गाडी मिळाली तर हुरळून जाऊ नका. तो दांडा त्याच्या हाताला, त्याच्या उंचीला बसवलेला असतो. आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, तो बदल नोंदलेला आहे का ते बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली अशा बदलाची नोंद लागते. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याच्या वेळी प्रश्न येतात. नवीन बसवताना पुण्याच्या एआरएआयची (वाहनं तपासणारी संस्था) मान्यता असलेलं किट मागा, पावती जपा, आणि विमा कंपनीला कळवा.

बाकी कागद सगळ्यांना लागतात तेच. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही, कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५, एम-परिवहन ॲपवर थकलेली चलनं. आरसीवर नाव येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

लायसन्सचा विचार मात्र आधी करा. माझ्याकडे स्कूटरचं होतं, चारचाकीचं वेगळं काढावं लागलं, आणि चाचणी आपल्याच गाडीवर, हँड कंट्रोलसह द्यायची असते. म्हणून क्रम असा ठेवला: गाडी नावावर, मग किट, मग आरसीवर नोंद, मग लर्निंग. सराव शाळेच्या मैदानावर, रविवारी सकाळी सहाला, शेजारी लायसन्स असलेला भाऊ. पहिले तीन रविवार मी फक्त थांबायचा सराव केला. दांडा ढकलायचा, कुलूप लावायचं, हात सोडायचा. चौथ्या रविवारी दुसऱ्या टोकाच्या कडुनिंबापर्यंत गेले आणि वळून परत आले.