झडपेचा आजार आणि कॅल्शियमची गोळी: पत्ता फोडण्याआधी

मिरजेहून एको (हृदयाची सोनोग्राफी) करून आणलेल्या कागदावर 'कॅल्सिफाइड एऑर्टिक व्हॉल्व्ह', म्हणजे कॅल्शियम साचलेली हृदयाची झडप, लिहिलेलं असतं आणि घरात गुडघ्यांसाठी कॅल्शियमच्या गोळ्यांचा पत्ता आधीपासून चालू असतो. मग घाबरून गोळीबरोबर दूध-दहीही बंद होतं, नाहीतर हा कागद आणि तो पत्ता डॉक्टरांसमोर एकत्र जातच नाहीत. दोन्हींमुळे नुकसान होतं.

आधी दुधाबद्दल. झडपेच्या पाकळीत आधी इजा होते, चरबी शिरते, सूज येते. त्यानंतर तिथल्या पेशी हाडातल्या पेशींसारख्या वागू लागतात आणि कॅल्शियम साचतं. ताटातलं कॅल्शियम उठून झडपेवर बसत नाही, म्हणून दूध सोडल्याने झडप मोकळी होत नाही. गोळीचं गणित वेगळं आहे. ती एकदम ५०० मिलिग्रॅम देते आणि रक्तातली पातळी काही तास वर राहते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झडप सौम्य ते मध्यम अरुंद झालेल्या २,६५७ वयस्क रुग्णांची माहिती तपासली होती. कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यूचं आणि झडप बदलावी लागण्याचं प्रमाण जास्त दिसलं. हे निरीक्षण आहे, गोळीमुळेच तसं झालं याचा पुरावा नव्हे. पण ज्याला गरजच नाही, त्याने ती 'टॉनिक' म्हणून न घेण्याला एवढं कारण पुरे.

गरज आहे का, ते ताटावरून काढा. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढांना दिवसाला १,००० मिलिग्रॅम लागतं, पाळी गेलेल्या बायकांना १,२००. आता मोजा. तीन चहांत मिळून १५० मिलिलिटर दूध म्हणजे साधारण १८० मिलिग्रॅम. वाटीभर दही १८०. जावळी-पाटणकडे होते तशी ६० ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी २००च्या आसपास. डाळ, भाजी, ज्वारी मिळून आणखी दीडशे-दोनशे. बेरीज सातशे-साडेसातशे होते. यात एक पेला दूध वाढवलं की २४० मिळतात आणि हजाराजवळ पोचता येतं. तिळाची चटणी चांगलीच, पण तिळातलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून तिच्यावर हिशोब टाकू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर दूध वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

हिशोब करूनही कमी पडत असेल किंवा हाडं ठिसूळ झाली असतील, तर आधी रक्त तपासा: कॅल्शियम, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि डी जीवनसत्त्व. कॅल्शियम १०.५ मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या वर असेल तर गोळी सुरू करायची नाही, कारण शोधायचं. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड चालू असेल तर लघवीवाटे कॅल्शियम कमी जातं आणि रक्तात वाढू शकतं. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्याच्या रक्तात कॅल्शियम वाढलं तर ठोके बिघडू शकतात.

पत्त्याची मागची बाजू वाचा. '१,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट' म्हणजे प्रत्यक्षात ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. १,००० मिलिग्रॅम सायट्रेटमधून फक्त २१० च्या आसपास मिळतं.

आणि धातूची झडप बसवलेल्यांनी इथे थांबून वाचावं. हल्ली कॅल्शियमच्या अनेक गोळ्यांत 'के२-७' किंवा 'एमके-७' असतं. ते म्हणजे के जीवनसत्त्व. ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन याच जीवनसत्त्वाचं काम रोखून रक्त पातळ ठेवतं. के२-७ शरीरात कित्येक दिवस टिकतं आणि मायक्रोग्रॅममध्येही आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) खाली ओढतं. धातूच्या झडपेवर गुठळी धरली तर पाकळी अडकते किंवा पक्षाघाताचा झटका येतो. मेडिकलमध्ये 'तसलीच दुसरी कंपनी' म्हणून बदलून दिलेल्या पत्त्यातही हे निघू शकतं, तेव्हा प्रत्येक वेळी वाचा. चुकून घेतली गेली असेल तर ॲसिट्रॉमचा डोस स्वतः वाढवू नका. गोळी थांबवा, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, पीटी-आयएनआर करा. पुढच्या दोन आठवड्यांत परत करा, कारण के२ उतरलं की आयएनआर चढतो आणि मग रक्तस्रावाची भीती असते.

डॉक्टरांनी लिहून दिलीच असेल तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, जास्त एकदम शोषलं जात नाही. कार्बोनेट जेवणाबरोबर. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर कार्बोनेट नीट विरघळत नाही, सायट्रेट मागून घ्या. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तास ठेवा, लोहाच्या गोळीपासून दोन तास.

डी जीवनसत्त्वाच्या ६०,००० आययूच्या पावडरचं पाकीट बहुतेक आठवड्याला एक असतं. रोज एक घेत राहिल्याने रक्तातलं कॅल्शियम घातक पातळीवर जाऊ शकतं. चिठ्ठीवर 'आठवड्यातून' हा शब्द मेडिकलवाल्याकडून मराठीत लिहून घ्या.

मोबाइलवर फिरणारा 'गव्हाच्या दाण्याएवढा चुना' घेऊ नका. त्यात किती कॅल्शियम आहे हे मोजता येत नाही, वर त्याचा अल्कली गुण. पानाबरोबर चुना सतत खाणाऱ्यांत कॅल्शियम वाढून मूत्रपिंड बिघडल्याच्या नोंदी आहेत. तंबाखूला लावलेला चुनाही यातच आला.

गोळी अचानक बंदही करू नका, जर थायरॉइड किंवा पॅराथायरॉइडचं ऑपरेशन झालं असेल, किंवा हाडांसाठी डेनोसुमॅब वा झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन चालू असेल. तिथे कॅल्शियम एकदम घसरून हातापायाला पेटके येतात, ठोके बिघडतात.

बद्धकोष्ठ, खूप तहान, वारंवार लघवी, ओकारी, भ्रमिष्टासारखं बोलणं दिसलं तर गोळी थांबवून कॅल्शियम तपासा. चालताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, धाप वाढणं, किंवा धातूच्या झडपेचा रोजचा टिकटिक आवाज मंद होणं यांत रक्ततपासणीची वाट बघत बसू नका. जिथे एको होतो अशा रुग्णालयात लगेच जा आणि घरातले सगळे पत्ते एका पिशवीत घालून सोबत न्या.