बँकेच्या काउंटरवरून जनसंपर्काच्या वर्गात

अकरा वर्षं सहकारी बँकेच्या काउंटरवर काढली आणि पस्तिशीत जनसंपर्क शिकायला बसले. तुमच्याही मनात असेल तर नोकरी सोडण्याआधी महिनाभर रोज एक प्रेसनोट लिहा. माझ्या पहिल्या प्रेसनोटची सुरुवात होती, ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’. सरांनी लाल पेनानं ती ओळच उडवली आणि तिसऱ्या परिच्छेदातलं ‘शनिवारी सकाळी दहा ते एक मोफत नेत्रतपासणी’ वर आणलं. बातमी तिथे दडली होती!

प्रवेशासाठी दिल्लीची आयआयएमसी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन) आणि मुंबईची झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स बघा. प्रवेशपरीक्षेच्या तारखा आधीच टिपून ठेवा.

संकटकाळातला संवाद हा विषय मात्र जीव ओतून शिका. १९८२ साली शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड घातलं, सात जण दगावले. कंपनीनं सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या आणि लोकांना स्पष्ट सांगितलं, गोळ्या घेऊ नका. हे प्रकरण तारखांसकट वहीत उतरवून काढा.

आणि जुनं काम लपवू नका. रांगेत तासभर ताटकळलेल्या, चिडलेल्या ठेवीदाराला मी कशी शांत करायचे, हेच मुलाखतीत सांगितलं. पुढचे सगळे प्रश्न त्यावरच आले.