टीएनएफ ब्लॉक होईना? अँटीबॉडीला शिव्या घालायच्या आधी या चुका टाळा

"अक्का, अँटीबॉडी कामच करंना बगा."

रात्री साडेदहाला फोन. पोरगा निपाणीचा, बेळगावात रूम करून राहतो, पीएचडीचं दुसरं वर्ष. रॉ २६४.७ या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) सेलवर एलपीएस (बॅक्टेरियाच्या कवचातला, सूज भडकवणारा पदार्थ) टाकलं, त्यानं सुटणारा टीएनएफ अल्फा (सूज वाढवणारं निरोप्या प्रोटीन) ब्लॉक करायला अँटीबॉडी टाकली, मिलीला १ मायक्रोग्रॅम, १० मायक्रोग्रॅम, शेवटी चिडून ५० टाकली, रीडिंग ढिम्म हललं नाही. गाइड म्हणाले पार्सल उन्हात राहिलं असणार, दुसरी मागव. मी विचारलं अँटीबॉडी कुठली? तर म्हणतो इन्फ्लिक्सिमॅब, सांधेवाताच्या ओपीडीतून उरलेली व्हायल मिळाली होती.

मी म्हटलं, बाळा, तू रात्रभर टाकलीस तरी होणार नाही.

रॉ म्हणजे उंदराच्या सेल. त्या उंदराचा टीएनएफ सोडतात, आणि इन्फ्लिक्सिमॅब माणसाच्या टीएनएफला धरते, उंदराच्याला धरतच नाही. क्रोन्स रोगासाठी १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं नावाजलेलं औषध आहे म्हणून ते कुठल्याही प्लेटमध्ये चालेल असं नसतंय. उंदराच्या टीएनएफला एमपी६-एक्सटी२२ नाहीतर एक्सटी३.११ हे क्लोन (एकाच पेशीच्या वंशातनं बनणाऱ्या अँटीबॉडी) घ्या, दोन्ही उंदीर नव्हे रॅटमध्ये केलेले, रॅट आयजीजी१ (आयजीजी म्हणजे अँटीबॉडीचा नेहमीचा प्रकार). (आपल्याकडे दोन्हीला उंदीरच म्हणतात आणि ऑर्डर देताना तिथंच घोळ होतोय, मी स्वतः एकदा केलाय.)

यात अजून एक गोम आहे. एल९२९ पण उंदराच्याच सेल, पण त्यांच्यावर इन्फ्लिक्सिमॅब मस्त चालते, कारण टीएनएफनं सेल मरतात का बघायच्या त्या टेस्टमध्ये टीएनएफ आपण बाहेरून टाकतो आणि तो माणसाचा असतो, माणसाचा टीएनएफ उंदराच्या पहिल्या रिसेप्टरवर (सेलवरच्या निरोप घेणाऱ्या जागेवर) बसतो, दुसऱ्यावर बसत नाही, पण सेल मारायला पहिला पुरतो. म्हणजे अँटीबॉडी सेलशी जुळवायची नाही, सायटोकाइनशी (टीएनएफसारख्या निरोप्या प्रोटीनशी) जुळवायची. एवढं एक वाक्य फ्रीजच्या दारावर चिकटवा.

दुसरी नेहमीची चूक, अँटीबॉडी टीएनएफची आहे ना, मग झालं! नाही होत. वेस्टर्न ब्लॉटला (प्रोटीन ओळखायच्या टेस्टला) चालणारी अँटीबॉडी प्रोटीनला कुठंतरी धरते, पण रिसेप्टरवर बसायची जागा झाकली नाही तर टीएनएफ तिला पाठीवर घेऊन तसाच रिसेप्टरवर जाऊन बसतो. डेटाशीटमध्ये न्यूट्रलायझेशन (काम अडवणं) हा शब्द आणि त्याखाली कुठल्या सेलवर करून बघितलंय ते लिहिलेलं पाहिजे. शेजारच्या लॅबमधनं मागून आणलेल्या ट्यूबवर नुसतं मार्करनं "टीएनएफ" लिहिलेलं असतंय, क्लोन नाही, तारीख नाही, असल्या ट्यूबवर आठवडा घालवू नका.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, आणि ती अँटीबॉडीची नाहीच. एलपीएस टाकून अर्ध्या तासात एनएफ-कप्पा-बी (सूजेच्या जीन चालू करणारं सेलमधलं स्विच) बघायचं आणि म्हणायचं टीएनएफ ब्लॉक करून पण सिग्नल खाली येईना. अहो, एलपीएस टीएलआर४ या स्वतःच्या रिसेप्टरवरनं थेट एनएफ-कप्पा-बी चालू करतंय, तेव्हा अजून टीएनएफ नीट बाहेर पण पडलेला नसतो, तुम्ही घरात नसलेल्या माणसाला अडवायला दारात उभं राहिलाय. नंतरच्या तासांत टीएनएफचा वाटा येतो, पण आयएल-१ बीटा हा दुसरा सायटोकाइन पण तिथंच पोचतो, वाटा एकट्याचा नसतो. म्हणून आधी एलपीएस बाजूला ठेवा. नुसता रिकॉम्बिनंट (लॅबमध्ये बनवलेला) टीएनएफ, नुसती अँटीबॉडी, एल९२९ सेल आणि अ‍ॅक्टिनोमायसिन डी (सेलला नवी प्रोटीन बनवू न देणारं औषध). अ‍ॅक्टिनोमायसिन नसेल तर सेल सहजासहजी मरत नाहीत, कारण टीएनएफ मारता मारता जगवणारी प्रोटीन पण बनवायला लावतो, ती बनणं बंद केलं की दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट साफ. त्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) अँटीबॉडीनं सेल वाचल्या तर अँटीबॉडी चांगली आहे, विषय संपला, मग तुमच्या प्रश्नाकडं या.

गणित करा हो जरा. आयजीजी साधारण १५० किलोडाल्टन, म्हणजे मिलीला १ मायक्रोग्रॅम म्हणजे ६.७ नॅनोमोलर. टीएनएफ तीन-तीनच्या जुडग्यात फिरतो, एकेक १७ किलोडाल्टनचा, जुडगा साधारण ५२. मिलीला १० नॅनोग्रॅम म्हणजे ०.२ नॅनोमोलर जुडगे. म्हणजे १ मायक्रोग्रॅममध्येच तीसपटीच्या वर अँटीबॉडी आहे, चांगल्या क्लोनला एवढं पुष्कळ. मग ५० टाकून काय होणार? होणार एवढंच की व्हायल संपेल. आणि डेटाशीटवरचा एनडी५० (टीएनएफचं निम्मं काम अडवणारा डोस) वाचताना तो किती टीएनएफच्या विरुद्ध काढलाय ते पण वाचा, ते ०.२ नॅनोग्रॅमवर काढतात आणि आपण २० नॅनोग्रॅमवर तोच आकडा धरून बसतो.

टायमिंगचं थोडक्यात सांगते. बाहेरून टीएनएफ टाकणार असाल तर अँटीबॉडी आणि टीएनएफ आधी एकत्र करून ३७ डिग्रीला तासभर ठेवा, मग सेलवर. सेल स्वतः बनवणार असतील तर अँटीबॉडी एलपीएसच्या आधी. नंतर टाकली तर सेलनं सोडलेला टीएनएफ शेजारच्याच रिसेप्टरवर बसून मोकळा झालेला असतो.

आता बाटलीत अँटीबॉडीबरोबर अजून काय आलंय ते. इथं मी स्वतः दोन महिने घालवलेत म्हणून सविस्तर सांगते. सोडियम अझाइड बहुतेक साध्या अँटीबॉडीत ०.०९ टक्के असतं, बुरशी-बॅक्टेरिया येऊ नयेत म्हणून, आणि ते सेलच्या मायटोकाँड्रियाचा श्वास अडवतंय. स्टॉक मिलीला ०.५ मिलिग्रॅम असेल आणि तुम्ही १० मायक्रोग्रॅम टाकली तर ५० पट पातळ होऊन पण अझाइड मिलीला १८ मायक्रोग्रॅम उरतं, म्हणजे ०.२८ मिलिमोलर. एल९२९ मध्ये माझ्या सेल मरायच्या, मी लिहायची "न्यूट्रलायझेशन नाही", डोस वाढवायची, अजून मरायच्या. डोस वाढवताना मी अझाइड वाढवत होते. ज्या वेलमध्ये टीएनएफ नाहीच, नुसती अँटीबॉडी आहे, तो वेल मी ठेवलाच नव्हता, प्लेट वाचवायला! ठेवला असता तर पहिल्या दिवशी कळलं असतं. अझाइड नसलेली मागवा, नाहीतर पीबीएसमध्ये (मिठाच्या बफरमध्ये) डायलिसिस करून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. आणि एलायझात (अँटीबॉडीनं प्रोटीन मोजायच्या टेस्टमध्ये) रंग आणणाऱ्या एचआरपी एन्झाइमला पण अझाइड मारतं, त्यामुळे एलायझाच्या बफरमध्ये पण नको.

दुसरं एंडोटॉक्सिन, म्हणजे तेच एलपीएस. सूज थांबवायला टाकलेली अँटीबॉडीच मॅक्रोफेजला भडकवते, कारण तिच्यात एलपीएस असतंय. मायक्रोग्रॅमला १ युनिट असलेली अँटीबॉडी मिलीला १० मायक्रोग्रॅम टाकली की १० युनिट झाले, साधारण १ नॅनोग्रॅम एलपीएस, मॅक्रोफेजला जागं करायला तेवढं बास. ओळखायची सोपी युक्ती अशी की थोडी अँटीबॉडी ९५ डिग्रीला दहा मिनिटं उकळून टाका. अँटीबॉडी मरते, एलपीएस उकळून सहज जात नाही, उकळलेली टाकून पण सेल भडकल्या तर दोष कुठं ते कळलं.

आयसोटाइप कंट्रोल (त्याच प्रकारची, पण टीएनएफला न धरणारी अँटीबॉडी) महाग म्हणून वगळू नका. मॅक्रोफेजवर एफसी रिसेप्टर असतात, कुठली पण आयजीजी टाकली तर ते तिचं शेपूट धरतात, काही फरक दिसला तर तो टीएनएफ अडवल्यामुळं की शेपटामुळं, हे कंट्रोलशिवाय तुम्ही कुणाला सांगणार? रॅट आयजीजी१ ला रॅट आयजीजी१, त्याच डोसमध्ये, आणि त्यात पण अझाइड नको.

मग एलायझाचा सापळा. अँटीबॉडी टाकलेल्या वेलचं सुपरनॅटंट (सेलवरचं पाणी) घेऊन त्यात टीएनएफच मोजतात, आकडा खाली आला की पेढे वाटतात. किटमधल्या अँटीबॉडीची जागा तुमच्या अँटीबॉडीनं आधीच झाकली असेल तर टीएनएफ असून दिसणार नाही. प्राण्यात उलटं पण होतंय, आयएल-६ या अजून एका सायटोकाइनची अँटीबॉडी दिली की रक्तात आयएल-६ वाढलेला दिसतो, कारण अँटीबॉडीला चिकटलेला बाहेर लवकर जात नाही, फिरत राहतो. म्हणून जे अडवलंय ते मोजू नका, त्याच्यामुळं पुढं जे होतंय ते मोजा. सेल जगल्या का, आयएल-८ (टीएनएफमुळं माणसाच्या सेल सोडतात तो सायटोकाइन) कमी झाला का, असं.

राहिलं पार्सल. बंगळूरहून पाचशे किलोमीटर, त्यात १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव) नाहीतर गणपतीची सुट्टी मध्ये आली की डबा गोडाऊनमध्ये पडून, बर्फाचे पॅक कोमट, आणि सगळे म्हणतात गेली अँटीबॉडी. आयजीजी एवढी नाजूक नसते हो, दोन-तीन दिवस कोमट राहिली म्हणून सहसा मरत नाही. रिकॉम्बिनंट टीएनएफ पातळ करून ठेवलेला मात्र नाजूक, त्यात बीएसए (आधाराला टाकायचं प्रोटीन) नसेल तर प्लास्टिकला चिकटून पण कमी होतो, म्हणजे संशय घ्यायचा तर आधी त्याच्यावर घ्या. अँटीबॉडीला खरं मारतंय ते आपलंच फ्रीज. घरगुती नो-फ्रॉस्ट फ्रीझर बर्फ वितळवायला अधूनमधून गरम होतंय, पावसाळ्यात लाइट जाऊन येऊन ते वेगळं, तशात एकच ट्यूब पंधरा वेळा वितळवून गोठवली की गुठळ्या होतात. आल्या दिवशी १० मायक्रोलिटरच्या अ‍ॅलिकोट (छोट्या वाटण्या) करा, ट्यूबवर क्लोन, लॉट, तारीख.

जाता जाता गंमत, टीएनएफचं नाव पडलं ते १९७५ ला आणि कोलर-मिलस्टाइन यांचं हायब्रिडोमाचं (एकाच जातीची अँटीबॉडी बनवायचं) तंत्र पण १९७५ चंच. शत्रू आणि शस्त्र एकाच वर्षी जन्माला आल्यासारखं.

निपाणीच्या पोराचं काय झालं विचाराल. उरलेली इन्फ्लिक्सिमॅब त्यानं टीएचपी-१ वर, म्हणजे माणसाच्या सेलवर लावली, आयसोटाइप म्हणून ह्यूमन आयजीजी१ घेतली, एलपीएसच्या आधी टाकली आणि आयएल-८ मोजला. एलपीएसनं आयएल-८ थेट पण बनतो, त्यामुळं पूर्ण खाली आलाच नाही, थोडाच उतरला. परत फोन, "अक्का, अर्धीच काम करायलीय." मी म्हटलं एल९२९ ची प्लेट लावलीस का आधी? पलीकडं शांतता. रविवारी लावणार म्हणाला.