नकाशावरचं शून्य

समुद्रात नायट्रोजन स्थिर करणारे, म्हणजे नायट्रोजन वायूला सजीवांना वापरता येईल अशा रूपात आणणारे सूक्ष्मजीव कुठे आढळतात, या विषयात नव्याने येणाऱ्यांना मी आधी माझी फजिती सांगतो. जहाजावरचा पहिला आठवडा. खोलवरून वर आलेल्या बाटलीच्या तोटीतून पाणी घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, काही नाही. वहीत शून्य लिहिलं. शेजारी उभ्या तंत्रज्ञाने न बोलता बाटलीचं वरचं झाकण उघडलं. आत लाकडाच्या भुशासारखे, जेमतेम मिलिमीटरभराचे पुंजके तरंगत होते. ट्रायकोडेस्मियम, असाच एक सूक्ष्मजीव! त्याच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात, त्यामुळे तो वर जमतो, आणि तोटी असते तळाशी. तेव्हापासून मी अख्खी बाटली गाळतो.

दुसरी फजिती प्रयोगशाळेतली. नायट्रोजन स्थिर करायला लागणाऱ्या निफ-एच या जनुकाचा पट्टा डीएनए तपासायच्या जेलवर झळकला आणि मी खूश. मग दिसलं, नुसतं शुद्ध पाणी घातलेल्या नळीतही तोच पट्टा. पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायच्या पद्धतीच्या, रसायनांतच हे जनुक अनेकदा आधीपासून असतं. पंधरा दिवसांचं काम टोपलीत गेलं.

पूर्वी मलाही वाटायचं, उबदार पाणी, पुरेसं लोह आणि फॉस्फरस असलं की हे जीव असणार, थंडीत कोण राहणार? यूसीवायएन-ए नावाच्या अशाच एका जिवाणूने तो समज मोडला. जॉनथन झेर यांच्या गटाला १९९८ मध्ये प्रशांत महासागरात त्याचं फक्त जनुक मिळालं होतं. पुढे तो एका शैवालासोबत राहतो हे कळलं, २०२४ मध्ये तर त्याला त्या शैवालाचं पेशीअंगकच, म्हणजे त्याच्या पेशीचाच एक भाग, म्हटलं गेलं. आणि तो आर्क्टिकच्या पाण्यातही सापडला आहे.

म्हणून कुणाचाही तक्ता हातात आला की आकड्याआधी बाकीचे रकाने वाचा. नमुना किती खोलीवरचा, गाळणीची छिद्रं केवढी, मोजणी दिवसा की रात्री? ट्रायकोडेस्मियम दिवसा नायट्रोजन स्थिर करतो, क्रोकोस्फेरा हा दुसरा जीव रात्री. जनुकाच्या प्रती म्हणजे पेशी नव्हेत, ट्रायकोडेस्मियमच्या एका पेशीत जनुकसंचाच्या कितीतरी प्रती असतात. २०१० च्या आधीचे नायट्रोजन स्थिर होण्याचे दर तर जपूनच घ्या. तेव्हा जड नायट्रोजनचा (मोजणीसाठी वापरायच्या समस्थानिकाचा) बुडबुडा थेट नमुन्याच्या बाटलीत सोडत, तो सावकाश विरघळतो आणि दर खरा असतो त्याहून कमी दिसतो.

माझ्या वहीत आता शून्यासाठी दोन खुणा आहेत: एक ‘शोधलं, मिळालं नाही’, दुसरी ‘शोधलंच नाही’. दुसरीच जास्त वेळा लिहावी लागते.